माडीचा हादरा

हुपरीत पवित्रा एका माडीवर भाड्यानं राहायची आणि दिवसभर पैंजणं जोडत बसायची. कुणी चाललं की माडीची लाकडी जमीन हालायची, म्हणून घरमालकानं सिद्धराम सुताराला धाडलं. त्यानं तुळयांच्या मध्ये लाकडी ठोकळे घट्ट बसवले, खालून एक जाड आडवी तुळई दिली आणि वर येऊन दणादणा उड्या मारल्या. भांड्यातलं पाणीसुद्धा हाललं नाही.

"बघा ताई! आता पाठीमागनं कोण चालत आलं तरी कळायचं न्हाई."

पवित्रा सरकत गेली आणि भिंतीला पाठ लावून बसली.

"काढा ते ठोकळे."

"का वं?"

"मी हितं दाराला कडी घालून एकटीच असते. ते मागं येऊन उभं ऱ्हायलं, की आजपतूर निदान कळत तरी हुतं."