सोयरीक

मुलीचे वडील रखमाजी मार्गासनीहून सरपंचांच्या घरी आले होते. सरपंचांचा मुलगा पसंत होता, आता फक्त सुपारी फुटायची बाकी होती. ती हातात घेऊन रखमाजी थांबले.

"दुखण्याच्या गोळ्यांची नशा सोडवायचं केंद्र तुमच्या गावात हाय म्हणं?"

सरपंचांनी घाईघाईनं हात झटकले.

"कुणी सांगितलं? जिल्हा परिषद निधी देत हुती, म्या साफ न्हाई म्हणलं. गावात तसली पाटी लागल्यावर आमच्या पोरांना पोरी कोण देईल, पाव्हणं?"

रखमाजींनी सुपारी परत तबकात ठेवली.

"आमचं थोरलं जावई त्या गोळ्यांपायीच गेलं, सरपंच. त्यांच्या गावातबी केंद्र न्हवतं."