एकाच मापाचे दोन जोड

"शुक्रवारी पाचला जुनी सिस्टम बंद," मॅडम म्हणाल्या. "ज्यांनी 'हो' दाबलं ते नवीत येतील. नाही दाबलं ते गेले."

"गेले म्हणजे?"

"पुसले. सतरा वर्षांचा गाळ आहे मास्तर, किती दिवस उपसत बसायचा?"

मास्तर जन्मात कधी शाळेत शिकवायला गेले नव्हते. लहान मुलांचे बूट विकणाऱ्या त्या कंपनीत ते गिऱ्हाइकांच्या याद्या सांभाळायचे, आणि एकेक नाव हजेरी घेतल्यासारखं तपासायचे, म्हणून सगळा मजला त्यांना मास्तर म्हणायचा. कुणी कोणत्या मापाचे बूट कधी घेतले, हे सिस्टमला पाठ असायचं. सहा महिने झाले की ती आपणहून मेल पाठवायची : 'पाऊल वाढलं असेल. एकदा माप घेऊन बघा.' हा मजकूरही मास्तरांचाच. लिहायला दुसरं होतं कोण?

आता सगळी नावं नव्या सिस्टमवर न्यायची होती, आणि नेण्याआधी प्रत्येकाची परवानगी हवी होती. तोही मेल मास्तरांनीच लिहिला. 'आपलं नातं पुढे ठेवायचं का?' आणि खाली दोन बटणं, हो आणि नाही.

दहा दिवसांत निम्म्या लोकांनी हो म्हटलं. मास्तरांना पडली होती ती एकाच नावाची, आणि नेमकं तेच नाव गप्प होतं.

ते त्यांच्या मुलीचं होतं.

सात वर्षांपूर्वी तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं, तेव्हा मास्तर दारात उभे राहून म्हणाले होते, "आजपासून तू मला नाहीस आणि मी तुला नाही." जिभेला हाड नसतं, बोलून बसले. मग महिना गेला, वर्ष गेलं, आणि ज्या तोंडानं हाकललं त्याच तोंडानं बोलवायचं कसं, यातच घोडं अडलं. पोरगी बापाच्याच वळणाची, तिनंही फोन केला नाही.

आणि एके दिवशी यादीत तिचं नाव आलं. बूट, नंबर अठरा. अठरा म्हणजे जेमतेम उभं राहणारं पोर. मास्तर पाणी प्यायला म्हणून उठले आणि बराच वेळ रिकामा ग्लास हातात धरून उभे राहिले. जोड दोन होते, एकाच मापाचे. म्हणजे जुळी! सहा महिन्यांनी वीस नंबर, पुन्हा दोन जोड. मग एकवीस. असं करत करत गेल्या पंधरवड्यात अठ्ठावीस. बाकीचे आजोबा नातवंडं खांद्यावर वाढवतात, मास्तरांनी ती आकड्यांवर वाढवली. एक खोडकर आणि एक शांत, इथपर्यंत त्यांनी मनात ठरवूनही टाकलं होतं.

पत्ता, फोन, सगळं समोर होतं. पण गिऱ्हाइकाची माहिती स्वतःच्या कामाला वापरायची नाही, हा नियम त्यांनीच लिहून भिंतीवर लावलेला. नियमाच्या आड लपायला फारशी हिंमत लागत नाही, हे त्यांना कळत होतं.

गुरुवारी मॅडमनी त्यांना तेच पान उघडून बसलेलं पाहिलं.

"कोण आहे ही?"

"गिऱ्हाईक."

"मग तुम्हीच हो दाबून टाका की. कोण बघतंय?"

"तिच्या वतीनं मी कसं ठरवू?" मास्तर म्हणाले. "एकदा केलाय तो प्रकार. महागात पडला."

मॅडम आपल्या टेबलाकडे वळल्या.

शुक्रवारी साडेचार वाजले तरी उत्तर नव्हतं. मास्तरांनी सकाळपासून चहालासुद्धा हात लावला नव्हता. तेवढ्यात गोदामाची यादी आली. कोण काय परत पाठवतं, याची नोंद आजवर गोदामवाले आपल्याकडेच ठेवायचे, जुन्या सिस्टमला त्याचा पत्ताच नव्हता. नवीला दोन्ही एकत्र हवं होतं. मॅडमनी जोडून पाहिलं.

"मास्तर, तुमचं ते गिऱ्हाईक. दर वेळी दोन जोड घेते, एक ठेवते, एक परत. दहाच्या दहा वेळा. असली माणसं गेलेलीच बरी."

"एक परत?"

"परत. घरात पोर एकच असणार."

मास्तरांनी पाच वर्षं वाढवलेलं एक नातवंड बसल्या जागी नाहीसं झालं होतं, आणि दुसऱ्याला वीस मिनिटं उरली होती.

"पण परत का करते?"

"मला काय माहीत? कारण लिहायला जागा असते, लोक काहीबाही खरडतात. वाचतंय कोण?"

मास्तरांनी कारणांचा रकाना उघडला. जुनं वर, नवं खाली.

'बूट छान आहेत. बाबा, तुमच्या कंपनीचे म्हणूनच घेतले. एक जोड परत करतेय, म्हणजे लिहायला जागा मिळते.'

'बाबा, मेल मिळाला. "पाऊल वाढलं असेल" हे तुम्हीच लिहिलंत ना? ओळखलं मी. चालायला लागली. पडली तरी रडत नाही, रागावते. कुणावर गेलीय ते सांगायला नको.'

'बाबा, तुमचा मेल वाचून दाखवला की विचारते, आजोबा दर वेळी एवढंच का लिहितात? म्हटलं, त्यांना तेवढंच जमतं.'

मास्तर एकेक ओळ बोट ठेवून वाचत खाली आले. शेवटची नोंद कालची होती.

'बाबा, नातं पुढे ठेवायचं का, हे असं बटण दाबायला सांगून विचारतात होय? नाही दाबणार मी. रविवारी घरी या, आणि येताना एकोणतीस नंबर आणा, हे हिला आत्ताच घट्ट होतायत.'