थोडंसं तरी दुखलं असेल

“मूठ वळून दाखवा बघू,” सिस्टर म्हणाली.

पुस्तकाचे फर्मे शिवणाऱ्या बाईने मूठ वळायला घेतली, पण बोटं अर्ध्यातच अडली. मनगटही सुजलं होतं.

“रुबेलाची लस घेतली ना, त्याचं आहे हे. मोठ्या बायकांचे सांधे धरतात कधीकधी, दोन-तीन आठवड्यांनी. जातं आपोआप.”

“मग हे आधी सांगायला काय तोंड दुखत होतं?” मुकादमबाई कडाडल्या. “आता माझी पुस्तकं शिवायला तुम्ही बसणार का?”

छापखान्याच्या बांधणी खात्यातल्या बायका खुसखुसल्या. सिस्टरची मान खाली गेली. टोचण्याआधी तिने बायकांना बाकी सगळं पढवलं होतं. गरोदरपणात रुबेला झाला तर बाळाचे डोळे, कान, हृदय, कशाचीच खात्री नसते. म्हणून मूल हवं असेल तर आधीच लस घ्यायची आणि पुढे महिनाभर थांबायचं. सांध्यांचं तेवढं राहिलं. घाई, दुसरं काय. सहा जणींना भराभर टोचून ती मोकळी झाली होती.

“चुकलंच माझं,” ती म्हणाली. तिचा आवाज इतका पडला होता, की मुकादमबाईंनाच ओशाळल्यासारखं झालं.

त्या दिवसापासून सिस्टरने चौकशीचा सपाटाच लावला. रोज जेवणाच्या सुट्टीत हजर. चष्मेवालीचे गुडघे दुखत होते. दोघी जावांची बोटं आखडली होती. दुखतंय म्हटलं की सिस्टरचा जीव भांड्यात पडे.

“आम्ही कण्हतोय आणि ही बया खूश होतेय,” चष्मेवाली म्हणाली.

“लस लागू पडली म्हणायची,” सिस्टर म्हणाली आणि स्वतःशीच शरमली.

लेबलं चिकटवणारी मात्र काही नाही म्हणाली. सिस्टर हटूनच बसली.

“थोडंसं तरी? सकाळी उठल्या उठल्या?”

“तुम्ही एवढं खोदून विचारताय म्हणून सांगते. परवा कोपर धरलं होतं खरं. दोन दिवस वेणी घालता आली नाही.”

सिस्टरने तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मुकादमबाईंनी ते पाहिलं. त्या विरघळल्या, चहा मागवला आणि म्हणाल्या, “लागेल असं बोलले मी. मनावर घेऊ नका. एवढी विचारपूस कोण करतं हल्ली?”

सिस्टरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहा तिने तसाच ठेवला.

सहावी, सगळ्यांत लहान म्हणून धाकटी म्हणत ती, आईच्या आजारपणासाठी माहेरी गेली होती. ती दोन महिन्यांनी कामावर आली, आणि त्याच दुपारी सिस्टरने तिला गाठलं.

“तुला काही झालं का गं लस घेतल्यावर? बोटं, गुडघे?”

“छे, काहीच नाही. तुमचा हात हलका.”

“नीट आठव. एखादा दिवस तरी?”

“अहो, ठणठणीत होते. आईचं सगळं मीच केलं. दिवसभर जिने चढत-उतरत होते.” धाकटीने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “तुम्हाला म्हणून सांगते. तुम्ही म्हणालात तशी महिनाभर थांबले. हे येऊन-जाऊन होते तिकडे. आता दिवस राहिलेत. मुकादमबाईंना एवढ्यात बोलू नका.”

सिस्टरचा हात तिच्या दंडावर, टोचलं होतं तिथे गेला.

“बरं झालं तुम्ही टोचलंत,” धाकटी म्हणाली. “भाच्याच्या अंगावर पुरळ उठलं होतं, रुबेलाच म्हणाले डॉक्टर. वहिनी मला जवळ येऊ देईना. मी म्हटलं, मला कसली भीती? आठवडाभर मीच घेऊन बसत होते त्याला.”

सिस्टर दवाखान्यात परतली. तिने फ्रीज उघडला. एकेकीसाठी लसीची पूड एका बाटलीत येते आणि ती कालवायचं पाणी दुसऱ्या बाटलीत. सहा जणींना टोचून झालं त्या दिवशी पाण्याच्या सहाही बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या, आणि पुडीच्या सहांपैकी एक बाटली सील न मोडता तशीच उरली होती.