न धुतलेला स्वेटर
परदेशी नोकरीला निघालेल्या लेकानं आमच्या ठमी मांजरीला सोबत न्यायचं ठरवलं. तिच्या कागदपत्रांसाठी तो तीन महिने राबला. मला न्यायचं मात्र "पुढं बघू गं, आई". जनावरांचे डॉक्टर म्हणाले, तिला लळा असलेल्या माणसाचं वापरलेलं कापड पिंजऱ्यात अंथरा. मी अंगातला स्वेटर काढून दिला. महिन्याभरानं त्याचा व्हिडिओ कॉल आला. "आई, स्वेटरचा वास उडाला. ठमी अन्नाला तोंड लावत नाही. दुसरा पाठव, न धुता हं!" "त्यापेक्षा मीच येते की," मी म्हटलं. "अगं, इथं जागा कुठंय?" त्याच्यामागे ठमीचं तीन मजली घर दिसत होतं. माझा आवाज ऐकून ठमी धावत आली आणि फोनच्या मागे जाऊन मला शोधू लागली. लेक खूश झाला. "आई, तुझा आवाजही रेकॉर्ड करून पाठव. म्हणजे सारखा फोन करायला नको."