अकरा हजारांचं लिंबू

दुपारी साडेचारला दुकानातल्या मुलीने माझ्या मनगटावर लिंबू-संत्र्याचा उन्हाळी परफ्यूम फवारला. बाटली अकरा हजारांची. "तीन तास थांबून ठरवा, सर," ती म्हणाली.

एकाच्या सांगण्यावर मी बातमीही छापत नाही, म्हणून दोघांना विचारायचं ठरवलं. उपसंपादक म्हणाला, "घ्याच! एकदम साहेब वाटता." त्याच्या रजेवर माझी सही बाकी होती, मत बाद.

आठला बायको कामावरून आली. दारातच मी मनगट पुढे केलं. तिने डोळे मिटून हुंगलं आणि माझा हात गालाला लावला.

"भांडी घासलीस? न सांगता? गुणाचा गं बाई माझा नवरा!"

परफ्यूम घ्यायचा नाही, हे तिथेच ठरलं. खुलासा मात्र मी केला नाही. सकाळची भांडी सिंकमध्ये तशीच आहेत आणि बायको पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे निघाली आहे.