हळदीचा डाग

जुन्या रुपयाच्या डबीवरचा प्रतीचा आकडा सकाळी आपोआप चौसष्टवरून अठ्ठावन्नवर घसरला, तसे अच्युत शेवडे तडक नाण्यांच्या प्रतवारी केंद्रात जाऊन धडकले.

“नाणं तेच, डबी सीलबंद. मग प्रत घसरलीच कशी?”

“काका, निकष बदललेत,” काउंटरवरची बाई म्हणाली. “नवं यंत्र अणू न् अणू वाचतं. तुमच्या रुपयावर हळद सापडली. एकाच अंगठ्याने एकेचाळीस वेळा लावलेली.”

दर लक्ष्मीपूजनाला शेवड्यांची आई हाच रुपया पाटावर मांडून त्याला अंगठ्याने हळद लावायची.

“पुसून देऊ? प्रत परत वाढेल.”

“माझ्या आईचा अंगठा पुसणार, आणि वर त्याला प्रत वाढवणं म्हणणार?” शेवड्यांनी डबी काउंटरवर आपटून फोडली आणि रुपयावर आपला अंगठा दाबला. “घ्या लिहून. बेचाळिसावा माझा!”