कॉम्प्युटरला कोण उठवतं?

“बघा, उठला!” तो ओरडला. “मी काही केलं का? हात तरी लावला का?”

टेबलाखाली गुडघ्यांवर बसून वायरी चाचपणाऱ्या दुरुस्तीवाल्याने मान वर केली. आत्ताच झोपवलेल्या कॉम्प्युटरची स्क्रीन लख्ख उजळली होती.

“झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, असं म्हणतात,” दुरुस्तीवाला म्हणाला. “हा तिसराच प्रकार. ह्याची पाठच अंथरुणाला लागत नाही.”

त्याला हसू आलं नाही. गेले कित्येक दिवस त्याची स्वतःची पाठही अंथरुणाला लागली नव्हती. घरी बसून तो कपाटांचे आराखडे काढायचा. काम बाजूला ठेवून जरा डोळे मिटावेत, तर शेजारी कॉम्प्युटरचा पंखा घरघरायला लागे. चडफडत उठायचं, झोपवायचं, की परत तेच. डोक्याला ताप नुसता.

कॉम्प्युटर मुळात बाबांचा. निवृत्त झाल्यापासून ते ह्याच खुर्चीत बसून तासन्‌तास पत्ते खेळायचे आणि हरले की कॉम्प्युटरवर लबाडीचा आरोप करायचे. आता ते भिंतीपलीकडच्या खोलीत होते. अर्धांगाचा झटका आल्यापासून नजर छताला, ना शब्द, ना हालचाल. त्यांचं सगळं करायला मावशी यायच्या. मध्यंतरी आत्या राहून गेली. तिने भावाचे केस विंचरले, कुणीतरी सांगितलं म्हणून सवयीच्या वस्तू त्यांच्या हाताशी ठेवल्या, पोटभर रडली आणि आपल्या घरी गेली. तो मात्र त्या खोलीच्या उंबऱ्यावरूनच मागे फिरायचा. ज्यांच्या खाकरण्यानेही घर सावरून बसायचं, त्यांना असं पाहायला छाती लागते. ती त्याच्याकडे नव्हती, आणि ह्याची त्याला लाज वाटायची.

“नेमका कधी उठतो?” दुरुस्तीवाल्याने विचारलं.

“मी फोनवर बोलायला लागलो की. ताईचा फोन असला तर हमखास.”

“म्हणजे कान देऊन ऐकतोय लबाड.”

दुरुस्तीवाल्याने आपोआप होणारी कामं बंद केली, इंटरनेटची वायर उपटली आणि कॉम्प्युटर झोपवला. दोघे स्क्रीनकडे बघत बसले. काही झालं नाही. तेवढ्यात फोन वाजला. ताईच होती.

“हो गं, डॉक्टर आज दुपारी येतायत,” तो येरझाऱ्या घालत म्हणाला. “तसूभर जरी खूण दिसली तरी उपचार केंद्रात घेतील. नाही तर मग ते शहराबाहेरचं शुश्रूषागृह. तिथे उपचार नसतात, नुसतं सांभाळतात. एकदा नेलं की नेलं.” तो थांबला. “नाही ताई. त्यांना ऐकू जात नाही, काही कळत नाही. मी रोज बघतो ना.”

रोज बघतो, हे खोटं होतं. त्याने फोन ठेवला आणि वळून पाहिलं. स्क्रीन उजळली होती.

“आता मात्र कमाल झाली,” दुरुस्तीवाला पुढे सरकला. त्याने काहीतरी टाइप केलं. “कुणी उठवलं ते हा स्वतःच सांगतो. म्हणतो, माऊसने.”

“माऊस तर हा उलटा पडलाय!”

दुरुस्तीवाल्याने कॉम्प्युटरचा डबा फिरवला. मागची धूळ फुंकल्यावर नखाएवढा एक तुकडा दिसला. “आणि हा कशाचा?”

“जुन्या माऊसचा असेल. बिनवायरीचा होता, ह्या तुकड्यातून चालायचा. तो हरवला म्हणून तर हा घेतला.”

“मग हा इथे कशाला? शेजाऱ्यापाजाऱ्यांचं काहीबाही पकडत बसला असणार.” दुरुस्तीवाल्याने तो तुकडा उपटून त्याच्या हातावर ठेवला. “घ्या. रोग गेला.”

खरंच गेला. त्याने मुद्दाम ताईला फोन लावला, मोठमोठ्याने बोलला. स्क्रीन काळी ती काळीच. तुकडा खिशात टाकून तो कितीतरी दिवसांनी तास-दोन तास नीट झोपला.

दुपारी डॉक्टर आले, घाईतच. पलंग भिंतीला लावलेला होता. त्यांनी अलीकडचा हात हातात घेतला. “आजोबा, माझा हात दाबा. बरं, पापण्या मिटा.” काहीच झालं नाही. डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं. तो उंबऱ्यावर उभा होता. “घरी कधी काही जाणवलं तुम्हाला? कसलीही हालचाल?”

“नाही,” तो म्हणाला. डॉक्टरांनी शुश्रूषागृहाच्या कागदावर सही केली.

संध्याकाळी शुश्रूषागृहाची गाडी आली. स्ट्रेचरवाले दारात येऊन उभे राहिले, तेव्हा कुठे त्याने खोलीत पाऊल टाकलं. मावशी बाबांच्या वस्तू पिशवीत भरत होत्या. चष्म्याचं घर, किल्ल्यांचा जुडगा. मग त्यांनी भिंतीकडच्या बाजूचं पांघरूण दूर केलं.

“हेही टाकू का बरोबर? आत्याबाई सांगून गेल्या होत्या, सवयीचं आहे, हातात देत जा. अंग पुसून झालं की मी रोज परत देते.”

बाबांच्या उजव्या पंजाखाली जुना माऊस होता.

त्याने खिशातला तुकडा चाचपला. मग म्हणाला, “तसाच राहू द्या. आणि कुणीही पलंगाला हात लावू नका.”

तो धावतच आपल्या खोलीत गेला. कॉम्प्युटर गाढ झोपला होता. त्याने खिशातला तुकडा काढून मागे खोचला. स्क्रीन काळीच राहिली.

“चला साहेब, उशीर होतोय,” स्ट्रेचरवाल्याने हाक मारली.

तो भिंतीजवळ गेला. “बाबा,” तो मोठ्याने म्हणाला, “ऐकू येतंय?”

स्क्रीन उजळली.